ध्रुवीय रात्रीतील स्लेजयात्रा

पृथ्वीच्या दक्षिण टोकास अंटार्क्टिका हा हिमाच्छादित खंड आहे. (शिक्षकांनी तेथील रॉस बेट प्रथम पृथ्वीगोलावर दाखवावे.) तेथे जून-जुलैत ऐन हिवाळा असतो व सूर्य मुळीच उगवत नाही. एम्परर पेंग्विन हा पक्षी या हिवाळ्यातच अंडी उबवतो. त्या अंड्यांतील गर्भ पाहिल्यास पक्ष्यांची उत्पत्ती सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कशी झाली हे उमगेल, असे डॉ. एडवर्ड विल्सन यांस वाटे. म्हणून कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे २७ जून १९११ रोजी केप एव्हान्सच्या तळावरून केप क्रोझियरकडे निघाले. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पण तेवढ्यास १९ दिवस लागले!

स्लेज म्हणजे बिनचाकी घसरगाडी. अशा दोन गाड्यांवर सुमारे ३४० किलो ओझे होते आणि ते ओढण्यास कुत्री नव्हती, घोडेही नव्हते. एरवी गाडीच्या पट्ट्यांखाली घर्षणाने हिमाचा अतिसूक्ष्म थर वितळतो व त्या ओलाव्यावरून गाडी सरकते. थंडी फार वाढली म्हणजे तो थर वितळत नाही. हिम कोरड्या वाळूसारखे होते. येथे तर पारा शून्याखाली सुमारे ६१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला! दोन्ही गाड्या एकदम हलेनात. तेव्हा एक गाडी पुढे न्यावी, मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पावलांचा माग काढीत परतावे व दुसरी आणावी, असा क्रम चालला. एक मैल पुढे सरकण्यास तीन मैल चालणे पडे.

एकदा तंबूबाहेर येताच चेरी-गॅरार्ड यांनी मान वर केली. तोच कपडे गोठले आणि पुढे चार तास मान तशीच ठेवून त्यांस गाडी ओढावी लागली. अंगातील वाफ झोपण्याच्या पिशव्यांत गोठे. परतेपर्यंत पिशव्यांचे वजन दुपटीहून अधिक झाले.

केप क्रोझियर येथे पाच अंडी मिळाली. दोन वाटेत फुटली. मग वादळाने तंबू उडविला, पाठोपाठ दगडी निवाऱ्याचे कापडी छप्परही फाडले. तंबूवाचून परत फिरणे म्हणजे मरणच. वादळ ओसरल्यावर बॉवर्स यांस तो उतारावर खाली सापडला, तोही जवळजवळ अखंड!

१ ऑगस्टला तिघे तळावर परतले. पुढे १९१२ साली दक्षिण ध्रुवाहून परतताना विल्सन व बॉवर्स मृत्यू पावले. अंडी चेरी-गॅरार्ड यांनी १९१३ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पोहोचविली. त्यांतील गर्भांवरील अहवाल १९३४ साली प्रसिद्ध झाला. विल्सन यांचा तर्क त्याने सिद्ध झाला नाही.