लिंबूवर्गी झाडांस खत केव्हां द्यावें?

खत किती द्यावें, ही चौकशी आमचे बागाईतदार बंधू नेहमीं करितात. तें केव्हां द्यावें, हें मात्र क्वचितच विचारतात. खोडाळ्यासारख्या डोंगराळ मुलुखांत दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे लिंबूवर्गी झाडांविषयींचे पुष्कळ नियम नागपुरी संत्र्याच्या अनुभवावरून आले आहेत. तेथें वर्षाचा पाऊस हजार-अकराशें मिलिमीटरच्या आसपास, व जमीन काळी. मृग बहर धरणारे बागाईतदार जूनमध्यें खत देतात, आणि त्याचा बराच भाग मुळांस मिळतो. मोखाडे तालुक्यांत याच्या सुमारें दुप्पट पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि जमीन बहुतेक ठिकाणीं तांबडी, उथळ व उतरती. युरियांतील नत्राचें कांहीं दिवसांत अमोनियांत व पुढें नायट्रेटांत रूपांतर होतें. नायट्रेटास मातीचे कण धरून ठेवीत नाहींत. तें पाण्याबरोबर मुळांच्या खालीं उतरतें. मृगांत विकत घेऊन टाकलेली गोणी आषाढांत वैतरणेच्या खोऱ्यास अर्पण होते!

जें थोडें नत्र झाडास मिळतें तेंही भर पावसांत कोंवळी पालवी फोडतें, आणि कागदी लिंबावरील खैऱ्या रोगास कोंवळी पालवी व सतत ओलावा याहून अनुकूल दुसरें कांहीं नाहीं. म्हणजे पैसे देऊन रोगास आमंत्रण.

म्हणून जूनमध्यें केवळ चांगलें कुजलेलें शेणखत द्यावें. स्फुरदही त्यांतच मिसळावें. तांबड्या जमिनींतील लोह व ॲल्युमिनियम त्यास बांधून टाकितात, शेणखतामुळें हें बंधन कांहींसें सैल पडतें. वरखताचें नत्र व पालाश यांचा पहिला हप्ता पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस, जमिनींत ओल असतांना द्यावा.

दुसरा हप्ता आंबे बहराचा. मार्गशीर्षांत पाणी तोडून झाडास ताण दिल्यावर पौषांत पहिलें पाणी सोडतांना तो द्यावा, आणि तिसरा फळें वाटाण्याएवढीं झाल्यावर. मोठ्या झाडास वर्षाचें ६०० ग्रॅम नत्र देणें ठरलें, तर सुमारें १३०० ग्रॅम युरिया लागेल. त्याचे तीन भाग केले म्हणजे दर हप्त्यास सव्वाचारशें ग्रॅमांहून किंचित् अधिक. खत बुंध्याशीं टाकूं नये. अन्न शोषणारीं बारीक मुळें झाडाच्या घेराच्या कडेखालीं, वरच्या हातभर मातींत असतात. तेथें वर्तुळाकार चर काढून, खत घालून मातीनें झांकावें.

फळ वाढूं लागल्यावर उशिरां नत्र देण्याचा मोह आवरावा. झाड हिरवेंगार दिसतें व मालक संतुष्ट होतो, परंतु संत्र्याची साल जाड व खरबरीत होते, रंग उशिरां चढतो, आणि बाजारांत दलाल तें फळ हातांत घेऊन खालीं ठेवतो.

एक अडचण मात्र खरी आहे. ज्याची विहीर माघांतच तळ गांठते, त्यानें पौषाचा हप्ता देऊंच नये. कोरड्या मातींत खत निष्फळ पडून राहतें किंवा मुळांस भाजतें. त्यानें वर्षाच्या नत्राचे दोन भाग भाद्रपद-आश्विनांतच, पंधरा दिवसांच्या अंतरानें द्यावे, तिसरा भाग वाचवावा, आणि आळ्यांत पालापाचोळ्याचा जाड थर पसरून उरलेली ओल जपावी. फळें थोडीं येतील, पण झाड वांचेल.