लघुउद्योगांना साहाय्य : कर्जाबरोबर वेळेवर वसुलीही

राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाची स्थापना १९५५ मध्ये झाली. त्याचे मुख्यालय दिल्लीतील ओखला औद्योगिक वसाहतीत आहे. ओखला, फरिदाबाद व नोएडा येथील अनेक लहान कारखाने मोठ्या उद्योगांना सुटे भाग पुरवितात. माल उधारीवर द्यावयाचा आणि मजुरी मात्र रोख चुकती करावयाची, हे त्यांचे नित्याचे गणित आहे.

शासकीय साहाय्याचा भर दीर्घकाळ कर्ज व अनुदान यांवर राहिला. २००० मध्ये स्थापन झालेल्या पतहमी निधीमुळे तारणाविना कर्जाची सोय झाली. २००८ च्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण उद्योगांसाठी प्रकल्पखर्चाच्या २५ ते ३५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांमुळे उद्योग उभा राहतो. तो टिकण्यासाठी मात्र खेळते भांडवल लागते. दरमहा एक लाख रुपयांचा माल पुरविणाऱ्या उद्योजकाला ४५ दिवसांनी पैसे मिळाले, तर त्याचे दीड लाख रुपये अडकतात. १२० दिवसांनी मिळाले, तर चार लाख. या वाढीव अडीच लाखांच्या व्याजाचा भार त्यालाच सोसावा लागतो.

यावर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये उपाय आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. राज्यांच्या सुविधा परिषदांकडे दादही मागता येते.

तथापि, ज्या मोठ्या ग्राहकावर कारखाना चालतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यास लहान पुरवठादार कचरतो. म्हणूनच तक्रारीवर विसंबून नसलेले उपाय अधिक महत्त्वाचे ठरतात. २०१७ पासून कार्यरत झालेल्या ‘ट्रेड्स’ व्यवस्थेत ग्राहकाने मान्य केलेल्या देयकावर बँका बोली लावतात व पुरवठादाराला मुदतीपूर्वी रक्कम मिळते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर तरतुदीनुसार, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते.

या संरक्षणासाठी उद्योजकाने माल पुरविण्यापूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी करावी, पुरवठ्याचा करार लेखी करावा आणि माल स्वीकारल्याच्या तारखेची पोच जपून ठेवावी. कर्ज उद्योगाला आधार देते. परंतु विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळाले, तर त्या कर्जाची गरजच कमी होते.