दूरचा वारा

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर उजनीचे धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्यासाठी काठच्या अनेक गावांना आपली घरे व शेते सोडावी लागली. या भागात पाऊस बेताचाच पडतो. जलाशय भरतो तो सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाने, आणि तो पाऊस आणणारे वारे दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येतात. उजनीकाठचा ऊस अशा दूरच्या वाऱ्यांवर पोसला जातो.

वातावरणात उंचावर ओझोन वायूचा थर असतो. तो सूर्याचे घातक किरण शोषून घेतो. त्यायोगे तेथील हवा उबदार राहते. दक्षिण ध्रुवावर दर वसंतात हा थर फार विरळ होतो, असे १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे वायू याला कारण होते. ओझोन घटताच तेथील उंचावरची हवा अधिक थंड झाली. त्यामुळे ध्रुवाभोवती वाहणारे पश्चिमी वारे तेथील उन्हाळ्यात दक्षिणेकडे सरकले आणि त्यांच्याबरोबर पावसाचे पट्टेही सरकले. उजनीचा पाऊस ओझोन ठरवितो, असे मात्र नव्हे. परंतु माणसाच्या हातून वाऱ्यांची वाट बदलू शकते, हे यावरून सिद्ध झाले.

१९८७ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी हे वायू सोडण्याचा करार केला. १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. आता तो थर हळूहळू भरून येत आहे.

उजनीच्या गावांनी इतरांच्या पाण्यासाठी घरे सोडली. राष्ट्रांनी सर्वांच्या हवेसाठी सोय सोडली. हवेला शिवेचे दगड नसतात.