दूरदेशीचा ग्राहक

कापड किंवा यंत्र परदेशी विकायचे असेल, तर व्यापारी त्याचा नमुना बरोबर नेऊ शकतो. संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, मागणीनुसार लिहून देणाऱ्याजवळ असा नमुना नसतो. करार होतो त्या वेळी वस्तू अस्तित्वातच आलेली नसते. ग्राहकाला विश्वास ठेवावा लागतो तो समोरच्या माणसावर. या व्यवसायात परदेशप्रवासाला जे महत्त्व आले, त्याचे मूळ येथे आहे.

मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तिची धुरा सांभाळणारे फकीरचंद कोहली हे मूळचे विद्युत अभियंते. १९७३-७४ च्या सुमारास ते विद्युत व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या अमेरिकास्थित आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संचालक मंडळावर होते. मंडळाच्या बैठकांसाठी त्यांना वारंवार अमेरिकेस जावे लागे, आणि त्याच फेऱ्यांत ते संभाव्य ग्राहकांच्या भेटी घेत. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या दिवसांत अशा प्रत्येक फेरीचे मोल मोठे होते.

१९७४ साली बरोज या अमेरिकन संगणक कंपनीकडून काम मिळाले. एका रुग्णालयीन माहितीप्रणालीच्या आज्ञावल्या बरोजच्या एका श्रेणीच्या संगणकांवरून दुसऱ्या श्रेणीच्या संगणकांवर चालतील अशा रूपात बदलावयाच्या होत्या. विशेष हे की, हे काम मुंबईतच आणि तेही आयसीएल १९०३ या निराळ्याच बनावटीच्या संगणकावर पार पडले. काम घरी बसून होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र काम मिळविण्यासाठी घर सोडावे लागते, हेही तितकेच स्पष्ट झाले. १९७९ साली कंपनीने न्यूयॉर्क येथे कार्यालय उघडले व त्याची जबाबदारी एस. रामदुराई यांच्याकडे सोपविली.

पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसची सुरुवात याहून अवघड होती. तिच्याजवळ स्वतःचा संगणकच नव्हता. न्यूयॉर्कची डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन ही तिची पहिली ग्राहक. संस्थापकांपैकी नारायण मूर्ती भारतात राहिले आणि इतर बहुतेक जण अमेरिकेस जाऊन ग्राहकाच्याच जागी काम करू लागले. तेथे प्रवास हा भेटीपुरता नव्हता. काम करणारा माणूसच समुद्रापार जात होता.

पुढे साधने बदलली. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने बंगलोर येथे केंद्र उघडले व उपग्रहामार्फत ते परदेशाशी जोडले. १९९१ साली भारत सरकारने सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांची संस्था स्थापन केली. तिच्याद्वारे लहान कंपन्यांनाही असा दुवा उपलब्ध झाला. आज्ञावली आता क्षणात परदेशी पोहोचू लागली. तरीही प्रवास थांबला नाही. असे का व्हावे?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या रुग्णालयाच्या बिलांसाठी आज्ञावली लिहावयाची आहे. रोग्याला दुपारी एका कक्षातून दुसऱ्या कक्षात हलविले, तर त्या दिवसाचे भाडे कोणत्या कक्षाचे धरावे? लेखी नियमांत याचे उत्तर सापडेलच असे नाही. ते ठाऊक असते वर्षानुवर्षे बिले करणाऱ्या कारकुनाला. आणि त्याला ते इतके सवयीचे झालेले असते की, विचारल्यावाचून तो सांगत नाही. त्याच्या शेजारी बसून दिवसभर काम पाहणाऱ्यालाच तो प्रश्न सुचतो. प्रश्न सुचलाच नाही, तर चोख लिहिलेली आज्ञावलीही चुकीचे बिल देते आणि कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात.

भागीदाराच्या बाबतीतही हेच खरे आहे. करारपत्रात अटी लिहिता येतात. परंतु अडचणीच्या वेळी समोरचा माणूस कसा वागेल, याचा अंदाज सहवासातूनच येतो.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे भारतातील आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक बंद झाली. कर्मचारी घरून काम करू लागले आणि परदेशी ग्राहकांची कामे बहुतांशी चालू राहिली. पूर्वीचे अनेक प्रवास टाळता येण्याजोगे होते, हे त्यावरून दिसले. परंतु ही कामे ज्यांच्यासाठी चालू होती, त्यांतील बहुतेकांशी ओळख आधीच झालेली होती. जुना विश्वास दूरध्वनीवर टिकविता येतो. नवा विश्वास जोडणे त्याहून कठीण असते.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कौशल्याचे वर्णन पत्रानेही पाठविता येते. जाऊन करावयाचे ते काम ऐकण्याचे आणि पाहण्याचे. ग्राहकाने न सांगितलेली गरज ओळखून जो परत येतो, त्याचाच प्रवास फळाला येतो.