पहिले घर आणि शासनाचे अर्थसाहाय्य : पनवेल परिसराचा अभ्यास

बोरघाटाच्या वाटेवरील एक व्यापारी बंदर म्हणून पनवेलची जुनी ख्याती. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या उभारणीबरोबर पनवेलच्या शिवारात नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने शहर, या वसाहती आणि भोवतालची २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. नोकरीनिमित्त आलेले कुटुंब असो की गावठाणातील वाढत्या कुटुंबातून वेगळे होणारे तरुण जोडपे असो, स्वतःचे पहिले घर हा येथे घरोघरचा विषय झाला आहे. शासनाचे साहाय्य या कुटुंबांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साहाय्याचे दोन मार्ग

प्रधानमंत्री आवास योजनेचा नागरी भाग २५ जून २०१५ रोजी सुरू झाला. तिच्यातील साहाय्याचे दोन प्रकार पनवेलकरांच्या विशेष परिचयाचे आहेत. पहिल्या प्रकारात घराची किंमतच कमी होते. सिडकोने २०१८ मध्ये तळोजे, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील १४,८३८ घरांची सोडत जाहीर केली. त्यांपैकी ५,२६२ घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी व ९,५७६ अल्प उत्पन्न गटासाठी होती. दुर्बल घटकातील पात्र कुटुंबास केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपयांचे अनुदान होते.

दुसऱ्या प्रकारात किंमत तीच राहते. कर्जाच्या व्याजाचा काही भार शासन उचलते. वार्षिक ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर ६.५ टक्के व्याज अनुदान मिळे. वीस वर्षांच्या अनुदानाचे आजचे मूल्य काढून सुमारे २ लाख ६७ हजार रुपये कर्जखात्यात एकदम जमा होत. त्यामुळे ९ टक्के दराच्या सहा लाखांच्या कर्जाचा ५,३९८ रुपयांचा मासिक हप्ता २,९९४ रुपयांवर येई. मध्यम उत्पन्न गटासाठी ही सवलत ३१ मार्च २०२१ रोजी आणि अल्प उत्पन्न व दुर्बल घटकांसाठी ३१ मार्च २०२२ रोजी संपली. तिची जुनी माहितीपत्रके पाहून कोणी आजचा हिशेब करू नये.

नवी योजना, नवा हिशेब

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा अमलात आला. त्यातील व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि चटईक्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत असावे लागते. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर, जास्तीत जास्त बारा वर्षांच्या मुदतीपुरते, ४ टक्के अनुदान मिळते. त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार रुपये असून ती पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. प्रत्येक वेळी कर्जखाते चालू असणे व निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असणे आवश्यक आहे. चार पैसे हाती येताच कर्ज फेडून टाकण्याची आपल्याकडील सवय चांगली खरी. परंतु येथे ती घाईने पाळल्यास उरलेले अनुदान गमावावे लागेल.

एक उदाहरण घेऊ. ३० लाखांच्या घरासाठी एका कुटुंबाने ६ लाख स्वतःचे घातले आणि २४ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे २०,८२८ रुपये येईल. अनुदान पूर्ण मिळाले तरी ते वर्षाला ३६ हजार, म्हणजे महिन्याला ३ हजारांच्या हिशेबाने पडते, आणि तेही पाचच वर्षे. महिना ६० हजार मिळवणाऱ्या कुटुंबाला हा मोठा आधार आहे. महिना २५ हजारांत भागवणाऱ्या कुटुंबाला मात्र या कर्जाचा हप्ता पेलणार नाही आणि बँकही एवढे कर्ज देण्यास सहसा तयार होणार नाही. अशा कुटुंबाने व्याज अनुदानाच्या भरवशावर इसारा देऊन बसण्यापेक्षा किंमतच कमी करणाऱ्या सार्वजनिक गृहनिर्माणाच्या सोडतीकडे लक्ष ठेवावे. शिवाय पनवेल शहरात व रेल्वे स्थानकांजवळ पुष्कळ घरांची किंमत ३५ लाखांच्या वर आहे. ती घरे या अनुदानाच्या कक्षेतच येत नाहीत.

‘पहिले घर’ कोणाचे?

योजनेच्या दृष्टीने पती, पत्नी व अविवाहित मुले मिळून एक कुटुंब होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, तसेच मागील वीस वर्षांत शासकीय गृहयोजनेचा लाभ घेतलेला नसावा. गावाकडून आलेल्या कुटुंबांचा गोंधळ येथेच होतो. वडिलांच्या एकट्याच्या नावे असलेले घर आणि ज्याच्या नोंदीत मुलाचेही नाव लागले आहे असे घर, यांत फरक आहे. म्हणून अर्जापूर्वी ग्रामपंचायतीकडील नमुना ८ चा उतारा पाहून घ्यावा. चुकीचे स्वयंघोषणापत्र पुढे कुटुंबाच्याच अंगाशी येते.

घराच्या मालकीत स्त्रीचे नाव असावे, असा योजनेचा कटाक्ष आहे. पतीसह संयुक्त नावही चालते. राज्य शासनाने १ एप्रिल २०२१ पासून स्त्रियांच्या नावे होणाऱ्या घरखरेदीवर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली आहे. ती मात्र केवळ स्त्री खरेदीदारांसाठी आहे. पतीचे नाव जोडल्यास ती मिळत नाही. ३० लाखांच्या घरावर हा फरक ३० हजार रुपयांचा होतो.

मार्गदर्शकांचे कर्तव्य

स्थावर संपदा कायद्यान्वये महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू आहे. नोंदणीकृत करार झाल्याखेरीज विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक व चटईक्षेत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे प्रत्येक खरेदीदारास सांगितले पाहिजे.

शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्याकडे लोक विश्वासाने सल्ला विचारतात. त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कुटुंबाच्या नावे आधीचे घर आहे काय? घराची किंमत व कर्ज मर्यादेत बसते काय? अनुदान न मिळाले तरी हप्ता झेपेल काय? पहिल्या दोन उत्तरांवर पात्रता ठरते. तिसऱ्या उत्तरावर ते घर त्या कुटुंबाकडे राहील की नाही, हे ठरते. म्हणून ते उत्तर मिळाल्यावाचून अर्जावर सही करू देऊ नये.