जॉन हाउलंड याचें कूळ आणि मंडळीची वही

पाठ: एज्रा, अध्याय २, ओव्या ६१ व ६२

बाबेलाहून परत आलेल्या कांहीं याजकांनीं आपल्या वंशावळीचा लेख शोधिला. परंतु नांवें सांपडलीं नाहींत, म्हणून ते याजकपणांतून वगळले गेले. सांगितलेलें कूळ आणि लिहिलेलें कूळ यांत केवढें अंतर असतें, हें अमेरिकेंतील एका जुन्या घराण्यावरून आम्ही दाखवूं इच्छितों.

इ. स. १६२० सालीं मेफ्लॉवर जहाजांतून सुमारें १०२ उतारू अमेरिकेस गेले व प्लिमथ येथें वसले. उपासनेंत राजाची सक्ती नको म्हणून त्यांतील पुष्कळांनीं तो प्रवास पत्करिला. जॉन कार्व्हर हे त्यांचे पहिले गव्हर्नर, आणि जॉन हाउलंड हा कार्व्हर यांचा चाकर. वादळांत तो समुद्रांत पडला. पण जहाजावरून लोंबणारी दोरी हातीं लागून वांचला. पुढें त्यास दहा मुलें झालीं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हे त्याचेच वंशज.

हाउलंडाची पत्नी एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या, असें या कुळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत. मोठ्याचें नातें कोणास गोड लागत नाहीं? आपल्या गांवींहि असे भाट आहेत! परंतु गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनीं वसाहतीचा इतिहास व उतारूंची यादी स्वहस्तें लिहून ठेविली होती. तें हस्तलिखित पुढें अमेरिकेंतून नाहींसें झालें. १८५५ सालीं तें लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयांत सांपडलें व १८५६ सालीं छापलें गेलें. त्यांत स्पष्ट होतें कीं, एलिझाबेथ ही जॉन टिली यांची मुलगी, आणि तिचे आईबाप किनाऱ्यास लागल्यावर थोडक्याच दिवसांत वारले. त्या पहिल्या हिंवाळ्यांत सुमारें निम्मे लोक मरण पावले. सारांश, गव्हर्नरची लाडकी लेक नव्हे, तर तेरा वर्षांची पोरकी पोर! इंग्लंडांतील हेन्लो गांवच्या बाप्तिस्म्याच्या वहींत १६०७ सालीं तिची नोंद आहे. ती १६८७ सालीं ऐंशी वर्षांची होऊन वारली. वही व वय यांचा असा मेळ बसला.

तिच्या १६८६ सालच्या मृत्युपत्रांत गाद्या, चादरी व भांडीं यांच्या जोडीला ग्रंथहि आहेत. जॉन नामक पुत्रास टिंडेल यांचे ग्रंथ, इसहाकास रोमकरांस पत्रावरील विवरण, आणि लिडिया या कन्येस लहान बायबल. इंग्रजींत शास्त्राचें भाषांतर केल्यामुळें वैर ओढवून १५३६ सालीं जे प्राणास मुकले, तेच हे टिंडेल. आमच्या मतें, या कुळास गव्हर्नरच्या रक्तापेक्षां ही वांटणी अधिक शोभते.

त्याच प्लिमथकरांच्या परंपरेंतील मंडळ्यांनीं पाठविलेले अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस व १८३१ सालीं अहमदनगरास आले. तेव्हां उपदेशक बंधूंनो, आपल्या वहीकडे पाहा. कित्येक ठिकाणीं बापाचें नांव असतें आणि आईच्या जागीं नुसतें “त्याची बायको”. तिचें नांव व माहेरचें गांव लिहावें. वडिलांचा धंदा हलका म्हणून कोणी तो गाळावयास सांगेल, तर गाळूं नये. म्हाताऱ्यांची सांगी “ऐकीव” असा शेरा मारून निराळी लिहावी. आणि ज्या वहीस वाळवी लागली असेल, तिची नक्कल पावसाळ्यापूर्वीं करून पाळकांकडे पाठवावी.