रात्रीच्या विमानप्रवासानंतर विमानतळावरील शौच-स्नानविधी : एक व्यवहार्य विचार

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे जाणारे आईवडील, व्यवसायानिमित्त वारंवार प्रवास करणारे गृहस्थ आणि परिषदांसाठी जाणारे आपले वैद्यबंधू या सर्वांचा एक प्रश्न हमखास असतो : रात्रभर विमानात बसून सकाळी उतरल्यावर ताजेतवाने व्हायचे कुठे आणि कसे? विमानतळावर आंघोळीची सोय शोधावी, असे उत्तर बहुधा मिळते. आम्हाला मात्र हा दिनचर्येचा प्रश्न वाटतो. दिनचर्येत स्नानाचा क्रम बराच उशिरा येतो, आणि स्नान कोणी व केव्हा करू नये हेही शास्त्राने स्पष्ट सांगितले आहे. ते रुग्णाला प्रवासापूर्वीच सांगणे हे आपले काम होय.

मुंबई ते फ्रँकफर्ट या प्रवासाचे उदाहरण घेऊ. समजा, हिवाळ्यात विमान पहाटे ३ वाजता सुटले व ९ तासांनी उतरले. त्या वेळी भारतात दुपारचे १२ वाजलेले असतात आणि जर्मनीत सकाळचे साडेसात. घड्याळ कफकाल दाखवते, शरीर मात्र पित्तकालात असते. त्यातच उतरण्यापूर्वी साधारण दीड तास आधी दिवे लावून प्रवाशांना उठवतात आणि न्याहारी देतात. म्हणजे विमानतळावर स्नानगृह शोधणारा प्रवासी भुक्तवान असतो. वाग्भटाचार्यांनी स्नान निषिद्ध असणाऱ्यांत अर्दित, नेत्र-मुख-कर्णरोग, अतिसार, आध्मान, पीनस व अजीर्ण यांच्या रुग्णांबरोबर नुकतेच जेवलेल्या माणसाचाही समावेश केला आहे. विमानातून उतरणाऱ्या प्रवाशाला यांतील निदान दोन कारणे लागू पडतात.

दुसरे कारण आध्मानाचे. विमानाच्या कक्षातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो सुमारे ६००० ते ८००० फूट उंचीवरील दाबाइतका राखलेला असतो. या दाबाला कोष्ठातील वायू पाव ते एक तृतीयांशाने प्रसरण पावतो. आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्याही खाली असते. रूक्षता, निश्चल आसन, वेगधारण आणि जागरण ही वातप्रकोपाची कारणे एका रात्रीत एकत्र येतात. खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाला शेजारी झोपलेल्या दोघांना उठवण्याचा संकोच वाटतो व तो वेग धरून ठेवतो. मलवेगाच्या धारणाने पिंडिकोद्वेष्टन, प्रतिश्याय व शिरःशूल होतात, असे शास्त्रवचन आहे. प्रवासाहून आलेले रुग्ण पोटऱ्यांत गोळे, चोंदलेले नाक व जड डोके याच तीन तक्रारी सांगतात.

आमच्या एका साठीच्या रुग्णाने विमानात भरपेट न्याहारी केली आणि तासाभरात विमानतळावरील स्नानगृहात जाऊन डोक्यावरून कढत पाणी घेतले. ते रक्तदाबाच्या गोळ्या घेत असत. रात्रभर पाणी जेमतेम प्यालेले, रक्त कोष्ठाकडे ओढलेले आणि उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारलेल्या. त्यांना भोवळ आली व ते खाली बसले. कडी आतून लावलेली होती. बाहेर मुलगी उभी होती म्हणून वेळीच मदत मिळाली. उष्ण जलाने मानेखालील अंगाचे स्नान बलकर, पण तेच डोक्यावर घेतल्यास केश व नेत्र यांचे बल कमी करणारे, हा भेद येथे केवळ ग्रंथापुरता राहत नाही.

म्हणून आमच्या मते स्नानाचा निर्णय विमानतळावर होत नसतो, तो विमानात न्याहारीची थाळी समोर येते तेव्हा होतो. ज्याला उतरल्यावर स्नान करावयाचे आहे त्याने ती थाळी नम्रपणे नाकारावी व कोमट पाणी मागून घ्यावे. यात दुसराही लाभ आहे. ज्याला रात्री जागरण घडले त्याने जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, आणि तोही न जेवता, झोपावे असा संकेत आहे. थाळी नाकारणाऱ्याला स्नान व ही निद्रा दोन्ही साधतात. मधुमेहासाठी इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र लंघनाचा हा सल्ला कदापि देऊ नये. त्यांनी खावे आणि स्नान मुक्कामी पोहोचून, अन्न जिरल्यावर करावे.

जागरणाचे मोजमाप करताना चरकाचार्यांचा एक सूक्ष्म विचार उपयोगी पडतो. रात्रीचे जागरण रूक्ष, दिवसाची झोप स्निग्ध, तर बसल्या बसल्या पेंगणे रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही. विमानातील झोप हे आसीन-प्रचलायितच असते. जो चार तास पेंगला त्याला संपूर्ण रात्र जागलेल्याप्रमाणे दुपारपर्यंत झोपू देऊ नये. नाहीतर रात्रीची झोप आणखी लांबते.

स्नानाशिवायचा क्रम

बहुसंख्य प्रवाशांना एक स्वच्छ हात धुण्याचे भांडे आणि दहा मिनिटे पुरतात. विमानाच्या दारालगतचे पहिले शौचालय टाळावे. तेथे सर्व प्रवासी एकदम धावतात. पाच-सात मिनिटे चालून पुढचे गाठल्यास पोटऱ्यांनाही चालना मिळते. प्रथम मलमूत्रविसर्जन, मग दंतधावन व जिह्वानिर्लेखन, त्यानंतर गंडूष. विमानातील टाकीचे पाणी गंडूषासाठी वा डोळ्यांसाठी वापरू नये, बाटलीतील घ्यावे. डोळ्यांवर गार स्वच्छ पाणी शिंपडावे. संपर्कभिंगे वापरणाऱ्यांनी ती आधी काढावीत. गुलाबजल आम्ही प्रवासात देत नाही. एकदा उघडलेली बाटली निर्जंतुक राहत नाही.

यानंतर प्रतिमर्श नस्य, प्रत्येक नाकपुडीत दोन बिंदू. प्रतिमर्शाच्या पंधरा कालांत अध्व, म्हणजे प्रवास, आणि दंतधावन हे दोन्ही येतात. परंतु मद्यपीताला प्रतिमर्श निषिद्ध आहे. विमानात मद्य मोफत मिळते, त्यामुळे हा प्रश्न वैद्याने संकोच न करता विचारून ठेवावा. शेवटी ओल्या रुमालाने मान, काखा व पाय पुसून, मोजे बदलून तळपायांस तेलाचे चार थेंब लावावेत आणि बूट घालण्यापूर्वी टिपून घ्यावेत. गुळगुळीत फरशीवर तेलकट पायाने घसरणारा प्रवासी आपल्या शास्त्राची कीर्ती वाढवीत नाही.

सोय कुठे मिळते

येथे एक गोष्ट रुग्णास नीट समजावावी. विमानतळाचे दोन भाग असतात : पासपोर्ट तपासणीपूर्वीचा व नंतरचा. पुढचे विमान पकडणाऱ्याला पहिल्या भागातील सोयी उपयोगी पडतात. ज्याचा प्रवास तेथेच संपतो त्याने तपासणी ओलांडली की परत जाता येत नाही. शिवाय सामानात दिलेली मोठी पेटी तपासणीनंतरच हाती येते. तेव्हा एक जोड कपडे, पंचा व औषधे हातातील पिशवीतच असावीत.

फ्रँकफर्टच्या पहिल्या टर्मिनलमध्ये पैसे देऊन वापरावयाची स्नानगृहे आहेत. सोलजवळच्या इंचॉन विमानतळावर पुढील विमान पकडणाऱ्या प्रवाशांना ती मोफत असतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तपासणीच्या आतच तासांवर मिळणाऱ्या खोल्यांची हॉटेले आहेत. लंडनच्या हीथ्रोवर काही विमानकंपन्यांची, आलेल्या प्रवाशांसाठीची विश्रामकक्षे आहेत, पण ती महाग वर्गाच्या तिकिटासाठी. तिकीट काढताना मुलांना हे विचारण्यास सांगावे : सोय तपासणीच्या आत की बाहेर, पहाटे उघडी असते का, आणि पंचा मिळतो का. अपंगांसाठी राखलेली प्रशस्त शौचालये अंग पुसण्यासाठी अडवून ठेवणे योग्य नव्हे, हेही सांगावेसे वाटते.

पोटरीची परीक्षा

या विषयातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे. चार तासांहून अधिक बैठ्या प्रवासाने खोल शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात म्हटले आहे. निरोगी माणसात मूळ धोका अल्प असतो, म्हणून भय घालण्याचे कारण नाही. दोन्ही पायांवर आलेली सारखी सूज चालल्याने व पाय उंच ठेवल्याने उतरते. परंतु एकाच पायाची पोटरी सुजलेली, उष्ण व दुखरी असेल तर तेथे तेल चोळू नये, मर्दन करू नये, शेकही देऊ नये. चोळण्याने गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते. धाप लागणे वा छातीत कळ येणे ही तर तत्काळ रुग्णालयात पाठवण्याची लक्षणे होत. प्रवासानंतर चार-सहा आठवड्यांपर्यंत हा धोका लक्षात ठेवावा. ‘वाताने पाय धरला’ म्हणून अभ्यंगासाठी आलेल्या रुग्णास अलीकडे विमानप्रवास झाला आहे काय, हे विचारल्यावाचून आम्ही तेलाला हात लावत नाही. गर्भिणी व सूतिका, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांना प्रवासापूर्वीच त्यांच्या तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी

२००६ सालानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांवर हातातील पिशवीत द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या कुप्यांतून व एक लिटरच्या पारदर्शक पिशवीतून नेण्याचा नियम आला. काही विमानतळांनी तो शिथिल केला असला तरी परतीचा विमानतळ तसाच असेल असे नाही. २०० मिलिलिटरच्या बाटलीत अर्धेच तेल उरले असले तरी बाटली काढून घेतात, कारण मोजतात ते बाटलीचे माप. यासाठी अणुतेल १० आणि पादाभ्यंगाचे तेल ३० मिलिलिटरच्या छापील वेष्टनाच्या कुपीत ठेवल्यास प्रवाशाची सोय होते. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीची पुडी तपासनिसासमोर उघडून दाखवण्याची पाळी येते. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून अधिक आकारमानाच्या चूर्णांची २०१८ पासून वेगळी तपासणी होते, तेव्हा चूर्णांचे मोठे डबे मोठ्या पेटीत द्यावेत. रबरी ड्रॉपरची कुपी उंचीवर गळते, कारण तिच्यातील हवा प्रसरण पावून तेल बाहेर ढकलते. आतून बूच असलेली, काठोकाठ भरलेली कुपी चांगली. ड्रॉपर वेगळा, कोरडा द्यावा.